खोक्यावरचे आकडे आणि पडद्यावरची धाव

एक काळ असा होता की सगळ्या वस्तीत एखाद्याच घरी टी.व्ही. असे आणि रविवारी निम्मी गल्ली त्या घराच्या उंबरठ्यात दाटीवाटीने बसे. १९८२ साली, दिल्लीत आशियाई खेळ झाले त्या वर्षी, देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. पण रंगीत संच आपल्या घरांत पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. आज ती स्थिती नाही. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा ज्या खोलीत आहेत, त्याच खोलीत समोरच्या भिंतीवर टी.व्ही. आहे. आणि त्या टी.व्ही.ला आता मुले व्हिडिओ गेमचे यंत्र जोडू लागली आहेत. कोणी शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून ते घेतले, कोणी मामाकडून जुने आणले, कोणी लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सेकंड हँड मिळवले.

यंत्र आले की थोड्याच दिवसांत मुलांची भुणभुण सुरू होते, "पप्पा, टी.व्ही. बदला. गेम खेळताना चित्र फाटतं, पुसट होतं." आईवडिलांना वाटते, हे नवे खूळ. बातम्या दिसतात, मालिका दिसतात, क्रिकेट दिसते, मग गेमच तेवढा कसा दिसत नाही? एकीकडे मुलाचे मन मोडवत नाही, दुसरीकडे चार-सहा महिन्यांची बचत एका खरेदीत जाणार असते. हा पैसा घामाचा आहे. म्हणूनच या विषयावर चार गोष्टी सविस्तर लिहाव्यात असे आम्हांस वाटले.

मुलांची तक्रार खोटी नाही

फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडू पळू लागला की त्याच्या पाठीवरचा नंबर वाचता येत नाही. मोटारीच्या शर्यतीत रस्त्याकडेचे फलक धूसर होतात. गाडी थांबली की चित्र स्वच्छ, पळाली की पुन्हा धूसर. हा मुलांचा हट्ट नव्हे. याला कारण आहे.

पडद्यावरचे चित्र प्रत्यक्षात हलत नसते. एका सेकंदात अनेक स्थिर चित्रे एकामागून एक दाखवली जातात आणि आपल्याला ती हलल्यासारखी वाटतात. जुन्या डब्बा टी.व्ही.त काचेवरचा प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून लगेच मंदावत असे. आताच्या सपाट टी.व्ही.त मात्र एक चित्र पुढचे चित्र येईपर्यंत जागच्या जागी पेटलेले राहते. आपला डोळा थांबत नाही. तो चेंडूच्या मागे पुढे सरकत असतो. चित्र उभे आणि डोळा चालता, यामुळे डोळ्याच्या पडद्यावर चित्राची कड फरफटते. तीच ही धूसरता. जुन्या डब्ब्यावर मारिओ पळताना स्पष्ट दिसे, अशी ज्यांची आठवण आहे त्यांची आठवण बरोबर आहे.

याचे साधे गणित मांडू. पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० ठिपके आहेत आणि चेंडू दोन सेकंदांत या टोकापासून त्या टोकाला जातो असे धरू. म्हणजे सेकंदाला ९६० ठिपके. सेकंदाला ६० चित्रे येत असतील तर एकेक चित्र उभे असताना डोळा १६ ठिपके पुढे गेलेला असतो. तेवढी कड पुसट होते. चित्रे ३० च येत असतील तर ही फरफट ३२ ठिपक्यांची होते आणि १२० आली तर अवघी ८ ठिपक्यांची. सेकंदाला खरोखर किती नवी चित्रे दिसतात, यावर स्पष्टपणाचा मोठा भाग अवलंबून आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा

पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो, त्या आकड्याला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये सांगतात. स्वस्त व मध्यम किमतीच्या बहुतेक संचांत तो ६० असतो, वरच्या किमतीच्या संचांत १२० किंवा त्याहून जास्त. परंतु खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा हाच असेल याची खात्री नसते. सॅमसंगचा 'मोशन रेट', एलजीचे 'ट्रूमोशन', सोनीचे 'मोशनफ्लो' ही त्या त्या कंपनीने आपल्या तंत्राला दिलेली नावे आहेत. त्यांच्यापुढे लिहिलेला आकडा हे कंपनीचे स्वतःचे माप असते. पॅनल ६० हर्ट्झचे असले तरी पुढे १२० किंवा २०० लिहिलेले आढळते. एका कंपनीचा असा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहण्यातही अर्थ नसतो.

या नावांमागे मुख्यतः एक युक्ती असते. टी.व्ही. दोन चित्रांच्या मध्ये स्वतः एक चित्र तयार करून घालतो. क्रिकेट पाहताना त्याने हालचाल सरळ वाटते. गेममध्ये मात्र ते त्रासाचे ठरते. मधले चित्र बनवायचे तर पुढचे चित्र हाती येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे बटण आता दाबले आणि उडी जरा उशिरा लागली, असे होते. मुले यालाच 'लॅग' म्हणतात. म्हणूनच टी.व्ही. 'गेम मोड'वर टाकला की ही युक्ती सहसा बंद होते किंवा अगदी कमी होते. मग खोक्यावरचा तो मोठा आकडा गेम खेळणाऱ्याच्या काय कामाचा?

केसपुत्त नगरीच्या कालामांनी तथागतांना असाच पेच घातला होता. येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे खोटे ठरवतो, तर आम्ही मानावे कोणाचे? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा दिसतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्यांना उपदेश मिळाला. अंगुत्तर निकायात ही कथा आहे. टी.व्ही.च्या खरेदीला एवढे थोर सूत्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण विवेक ही वंदनेपुरती बाहेर काढून पुन्हा ठेवून द्यायची वस्तू नाही. बाजारात तो विसरला की खिसा रिकामा होतो.

साठ की एकशेवीस?

आता दुसरा प्रश्न. खरोखर १२० हर्ट्झचा संच घेतला, तर लाभ होईलच का? ते यंत्रावर आणि गेमवर अवलंबून आहे. २०१३ साली आलेले प्लेस्टेशन ४ सेकंदाला जास्तीत जास्त ६० चित्रे पाठवते. त्यावरचे कित्येक गेम तर ३० च देतात. अशा यंत्राला १२० चा पडदा जोडला तरी यंत्र पाठवील तेवढीच चित्रे नवी, बाकी वेळ तेच चित्र पुन्हा दिसणार. २०२० साली आलेली प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही यंत्रे १२० पर्यंत जाऊ शकतात, पण गेम तसा बनवलेला असेल तरच. पुष्कळसे गेम ६० वर चालतात.

तेव्हा घरात जुने यंत्र असेल आणि नवे घेण्याचा विचार नसेल, तर १२० साठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे नवे यंत्र आहे आणि जे नेमबाजीचे किंवा शर्यतीचे वेगवान गेम खेळतात, त्यांना १२० चा फरक निश्चित जाणवेल. मात्र तेव्हा संचाला एचडीएमआय २.१ ची सोय आहे का आणि ती कोणत्या खोबणीत आहे, हे पाहावे. बऱ्याच संचांत सगळ्या खोबण्या सारख्या नसतात. एक-दोनच १२० चालवतात. फोर के चित्र १२० च्या वेगाने न्यायचे तर केबलही 'अल्ट्रा हाय स्पीड' लिहिलेली लागते. 'व्हीआरआर' नावाची सोय असेल तर उत्तम. यंत्राच्या वेगाशी पडदा आपला वेग जुळवून घेतो आणि चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसत नाही.

आणखी एक सावधगिरी. काही स्वस्त संच १२० म्हणतात, पण त्या वेळी उभ्या दिशेच्या रेषा निम्म्या करूनच ते साधतात. वेग मिळतो, बारकावा जातो. हे वाईटच असे नव्हे, पण पैसे देण्याआधी माहीत असावे.

पडद्याचे प्रकार

'एलईडी' आणि 'क्यूएलईडी' ही नावे ऐकून लोक गोंधळतात. हे दोन्ही मुळात एलसीडीच. मागच्या बाजूला दिवे आणि पुढे प्रकाश अडवणारी-सोडणारी पटले. 'ओएलईडी' मात्र वेगळा. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो. नावात एका अक्षराचा फरक आणि किमतीत कित्येक हजारांचा.

एलसीडीत पुन्हा दोन मुख्य प्रकार आहेत. 'व्हीए' पॅनलचा काळा रंग गडद असतो, पण अंधाऱ्या दृश्यात हलत्या वस्तूमागे काळपट शेपूट उमटू शकते. 'आयपीएस' पॅनलचा काळा रंग करडा वाटतो, पण बाजूला बसलेल्यालाही चित्र बऱ्यापैकी सारखे दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत एक जण पलंगावर, दोघे जमिनीवर आणि एक स्वयंपाकाच्या ओट्याशी, अशी आपल्याकडची बैठक असते. तेथे ही गोष्ट छोटी नाही. ओएलईडीचे ठिपके फार चपळ असतात, शेपूट जवळजवळ नाहीच. परंतु किंमत भारी आणि गेममधला गुणफलक तासन्‌तास एकाच जागी राहिला तर त्याचा डाग कायमचा राहण्याची थोडी भीती. शिवाय वर सांगितलेली डोळ्याची फरफट त्यातही सुटत नाही. ६० चित्रांना ती तेवढीच राहते.

काही संचांत दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर पडदा काळा करण्याची सोय असते. डब्बा टी.व्ही.चीच ती युक्ती आहे आणि तिने फरफट खरोखर कमी होते. मात्र चित्र मंद होते आणि लुकलुक जाणवते. कोणाचे डोके दुखू लागले तर ती बंद करावी. घरात कोणाला फिट्स येत असतील तर ती वापरूच नये.

पडदा किती मोठा घ्यावा, याचाही विचार हवा. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नवे घर म्हटले की मोठा टी.व्ही. हवा असे वाटते आणि ते स्वाभाविक आहे. पण कर्णाच्या साधारण दीडपट अंतर बसायला हवे. ४३ इंचीला साडेपाच फूट, ५५ इंचीला जवळजवळ सात फूट. अंतर तेवढेच ठेवून पडदा मोठा केला तर धूसरताही मोठी होऊन दिसते.

आधी घरचाच संच तपासा

नवा संच घेण्यापूर्वी घरच्या संचावर अर्धा तास खर्च करावा. यात एक पैसाही लागत नाही.

पहिले, टी.व्ही. 'गेम मोड'वर टाका. दुसरे, हालचाल सरळ करणारी सोय चालू राहिली असल्यास बंद करा, तसेच 'नॉइज रिडक्शन'सारखे चित्र साफ करणारे पर्यायही बंद करा. तिसरे, यंत्र योग्य खोबणीला जोडले आहे ना, हे टी.व्ही.च्या माहितीपुस्तकात पाहून घ्या. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, गेमच्या सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' आणि 'क्वालिटी' किंवा 'रिझोल्यूशन' असे पर्याय असतील तर 'परफॉर्मन्स' निवडा. अनेक गेममध्ये याने ३० ची ६० चित्रे होतात. वरच्या हिशोबाने ३२ ठिपक्यांची फरफट १६ वर येते. किती तरी घरांत तक्रार एवढ्यावरच मिटते.

दुकानात काय पाहावे

वस्तीतल्या कुटुंबांबरोबर आम्ही अधूनमधून अशा खरेदीला जातो. सफाई खात्यात काम करणाऱ्या एक ताई आणि त्यांचा अकरावीतला मुलगा यांच्यासोबत एका शोरूममध्ये गेलो होतो. सेल्समन म्हणाला, "ताई, हाच घ्या. गेमसाठी एकदम भारी. दोनशे चाळीस आहे यात." मुलाने विचारले, "काका, पॅनल किती हर्ट्झचं आहे?" "अरे बाळा, इथं लिहिलंय ना, दोनशे चाळीस." मुलगा गप्प झाला. ताईंनी मात्र शांतपणे सांगितले, "दादा, त्यो काय इचारतोय ते बघून सांगा की." अखेर दुकानातल्याच एका तरुण मुलीने मॉडेलचा नंबर मोबाइलवर टाकून कंपनीची माहिती काढली. पॅनल ६० चे निघाले. शेजारचा साधा संचही ६० चाच आणि साडेचार हजारांनी स्वस्त. मुलाचे यंत्र जुने होते. ताईंनी साधा संच घेतला. आपल्या माणसाला दुकानात प्रश्न विचारायला संकोच वाटतो, हे आम्ही नेहमी पाहतो. पैसे आपण मोजतो, तर प्रश्न विचारण्याचा हक्कही आपलाच.

दुकानात फुले, मध, रंगांच्या लाटा असे संथ चित्रीकरण लावलेले असते. त्यावरून हालचालीचा काही अंदाज येत नाही. एखादी बातम्यांची वाहिनी लावायला सांगा आणि खालची धावती पट्टी पाहा. आधी 'गेम मोड' लावायला सांगा. काही संचांवर तो एचडीएमआयला काही जोडल्यावरच लागतो. अक्षरांच्या कडा किती पुसटतात, मागे शेपूट राहते का, हे दोन-तीन संचांवर ताडून पाहा. दुकानदार तयार असेल तर मुलाने आपले यंत्र पिशवीत घालून न्यावे आणि दहा मिनिटे स्वतः खेळून पाहावे. याहून चांगली परीक्षा नाही. गर्दीच्या सुट्टीत न जाता आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावे म्हणजे दुकानातले लोकही वेळ देतात.

बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. जाहिरातीचे पत्रक जपून ठेवावे. सांगितले एक आणि निघाले दुसरे, असे झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क लागत नाही.

'बिनव्याजी' हप्त्याचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टी.व्ही.वरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत २५,००० असेल तर पूर्वी ७,००० कर लागे, तो ४,५०० झाला. ही सवलत खरी आहे. पण दुकानातल्या टेबलामागे बसलेला फायनान्सवाला जी सवलत सांगतो तिचा हिशोब आपण मांडून पाहावा.

समजा संच २४,००० चा आहे. रोख घेणाऱ्यास २,००० सूट, म्हणजे २२,०००. हप्त्याने घेणाऱ्यास सूट नाही; २,००० चे बारा हप्ते आणि वर ५०० रुपये फी. एकूण २४,५००. 'बिनव्याजी' म्हणून घेतलेल्या या कर्जाला २,५०० रुपये जादा गेले. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे धरले तर हे व्याज वर्षाला वीस टक्क्यांहून जास्त पडते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावले होते. एखादा हप्ता चुकला की दंड वेगळा.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी. करमणूक वर्ज्य नाही, तिला एक भाग दिलेलाच आहे. पण टी.व्ही. त्या पहिल्या भागातून घ्यावा. आजारपणासाठी किंवा मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या चौथ्या भागाला हात लावून नव्हे. सहा महिने थांबलो तर संच पळून जात नाही. बहुधा स्वस्तच होतो.

खेळाकडे तुच्छतेने पाहू नये

व्हिडिओ गेम म्हणजे वाया गेलेले पोर, ही समजूत सोडायला हवी. हांगझो येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्सला पदके होती. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ही गोष्ट निराळी. तो जुगार आहे आणि २०२५ च्या कायद्याने त्यावर बंदी आली आहे. मुलांनी अभ्यास सांभाळून, वेळ ठरवून खेळावे. मुलालाच नव्हे, मुलीलाही पाळी मिळावी. आणि आईबापांनी मुलाच्या तक्रारीला उडवून न लावता ती समजून घ्यावी.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहारात वाचनालयाच्या टेबलावर एक वही ठेवावी. ज्याने टी.व्ही. घेतला त्याने मॉडेलचा क्रमांक, पॅनलचा खरा रिफ्रेश रेट, कोणत्या यंत्रावर कसा चालला आणि रोख किती पडला, हे चार ओळींत लिहावे. अशा गोष्टींत जाण असलेल्या दोन तरुणांनी किंवा तरुणींनी गरजूंबरोबर दुकानात जावे. एकेकटा माणूस दुकानात दबतो. माहिती हाती असली आणि सोबत आपले कोणी असले की तोच माणूस ताठ मानेने विचारतो, "पॅनल किती हर्ट्झचं?"

जयभीम!